पोटभाडेकरू ठेवण्याआधी: कोल्हापुरातील भाडेकरू आणि घरमालकांसाठी

नवरात्र जवळ आले की आमच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. महाद्वार रोड, मंगळवार पेठ, शिवाजी पेठ या भागांत दोन-दोन पिढ्या भाड्याने राहणारी मंडळी विचारतात, "पुढची खोली आठ-दहा दिवस भाविकांना दिली तर काय बिघडतंय? भाडं तर आम्ही टायमाला देतोय की." भाडे वेळेवर देणे ही एक गोष्ट आणि जागा तिसऱ्याच्या ताब्यात देण्याचा, म्हणजे पोटभाडेकरू ठेवण्याचा, हक्क असणे ही दुसरी. या दोन्हींची गल्लत झाली तर वडिलोपार्जित भाड्याची जागा हातची जाऊ शकते. त्यासाठीच हे पत्रक काढले आहे.

कायदा काय सांगतो

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याचे कलम २६ सांगते की करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूने जागा, पूर्ण असो वा थोडी, पोटभाड्याने देणे, लिव्ह अँड लायसन्सने (ठरावीक मुदतीच्या वापर-परवानगीवर) देणे किंवा आपला हक्क दुसऱ्याच्या नावे करणे बेकायदेशीर आहे. "थोडी" हा शब्द लक्षात ठेवा. चार खोल्यांतली एक दिली तरी कलम लागू होते.

मोबाईलवर बऱ्याचदा याच्या उलट वाचायला मिळते. त्याचे कारण असे की १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात करारात मनाई नसेल तर भाडेकरू पोटभाड्याने देऊ शकतो असे म्हटले आहे. तो सर्वसाधारण नियम झाला. भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे तिथे कलम २६ त्याच्या वरचढ ठरते. केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदाही महाराष्ट्राने लागू केलेला नाही, त्यामुळे "नवीन भाडे कायदा आला" अशा संदेशांवर विसंबून काही करू नका.

परिणाम किती कडक आहे

भाडे थकले तर कायदा भाडेकरूला सावरायला वेळ देतो. घरमालकाला आधी नोटीस द्यावी लागते, ९० दिवस थांबावे लागते आणि दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याजासह कोर्टात भरली तर भाडेकरूला जागा वाचवता येते. पोटभाड्याच्या बाबतीत अशी सवलत नाही. कलम १६ प्रमाणे बेकायदा पोटभाडे हे ताबा मागण्याचे स्वतंत्र कारण आहे आणि आपल्या भागात ते १ फेब्रुवारी १९७३ नंतरच्या प्रत्येक पोटभाड्याला लागू होते.

"नोटीस आल्यावर माणसाला बाहेर काढू" हा विचारही उपयोगाचा नाही. दावा लागेपर्यंत पोटभाडेकरू निघून गेला असला तरी ताब्याचे कारण शिल्लक राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच मुंबई भाडे कायद्याखालील (१९९९ च्या कायद्याआधी आपल्याकडे लागू असलेल्या) खटल्यात सांगितले आहे. शिवाय पैसे घेतल्याची पावती घरमालकाने दाखवलीच पाहिजे असेही नाही. परक्या माणसाकडे जागेचा एकट्याचा ताबा आहे आणि भाडेकरूचा तिथे वावर उरलेला नाही, एवढे दिसले तर मोबदला घेतला असावा असे न्यायालय गृहीत धरू शकते. मग खुलासा करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. हुकूम झाला की मूळ भाडेकरूबरोबर पोटभाडेकरूलाही बाहेर पडावे लागते.

कोण पोटभाडेकरू नव्हे

बायको, मुले, सून, आईवडील तुमच्यासोबत राहत असतील तर काळजीचे कारण नाही. पाहुणे म्हणून आलेला भाचा चार महिने राहून परीक्षा देऊन गेला, यातही काही वावगे नाही. पण तुम्ही राजारामपुरीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलात आणि पेठेतल्या खोल्यांत भाच्याचे बिऱ्हाड बसवलेत, तर प्रकरण निराळे होते. कुलूप कुणाचे, किल्ली कुणाकडे आणि भांडीकुंडी कुणाची, हे तिथे पाहिले जाते.

भाडेकरू स्वतः त्याच घरात राहून एखादा भाग ज्याला देतो तो पेइंग गेस्ट. कायद्याने त्याला लायसन्सधारकाच्या व्याख्येतून वगळले आहे. तुमच्या करारात मात्र पेइंग गेस्टलाही मनाई असू शकते, म्हणून करार आधी वाचा.

दुकानगाळ्यांत हा घोळ जास्त दिसतो. सणासुदीला गाळ्याच्या ओट्यावर ओटीचे साहित्य विकणाऱ्याला जागा दिली जाते. सकाळी फळी मांडून रात्री उचलून नेणारा आणि गाळ्याच्या अर्ध्या भागाला स्वतःचे शटर व कुलूप लावणारा, या दोघांत फरक आहे. पण तो फरक कोर्टात शाबीत करण्याची वेळ येऊ देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कागदोपत्री भागीदारी दाखवण्याचा मार्गही सुरक्षित नाही. मूळ भाडेकरू धंद्यात खरोखर असेल तर भागीदारीला हरकत नसते. तो नुसता महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन घरी बसत असेल, तर भागीदारीपत्राचा पडदा बाजूला सारून न्यायालय त्याला पोटभाडेच म्हणते.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांसाठी

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याचा हक्क याहूनही मर्यादित असतो. त्याला फक्त वापराची परवानगी असते आणि ती दुसऱ्याला देता येत नाही. मुदत संपूनही राहिल्यास कलम २४ प्रमाणे करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. शिवाजी विद्यापीठाच्या आसपास, राजेंद्रनगर-सागरमाळ भागात खोली घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचे आवर्जून सांगणे आहे: करार एकाच्या नावावर आणि राहणारे चौघे असे करू नका. चौघांची नावे करारात घाला आणि एखादा बदलला तर घरमालकांकडून लेखी घ्या.

रोजच्या भाड्याने पाहुणे उतरवणे

एअरबीएनबीसारख्या ॲपवर खोली नोंदवता आली म्हणजे कायद्याची परवानगी मिळाली असे होत नाही. भाडेकरूने असे करणे म्हणजे कलम २६ चा भंग तर आहेच, शिवाय राहण्यासाठी घेतलेली जागा धंद्याला वापरल्याचा वेगळा आरोपही होऊ शकतो. दर नव्या पाहुण्यासोबत पुरावा वाढत जातो, कारण तारखा, फोटो, दर आणि अभिप्राय सगळे ॲपवर नोंदलेले असते.

स्वतःच्या मालकीच्या घरात पाहुणे ठेवायचे असतील तर पर्यटन संचालनालयाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करता येते. पाहुणा परदेशी असेल तर २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती द्यावी लागते. सोसायटीतील फ्लॅट असल्यास सोसायटीला कळवा.

परवानगी कशी घ्यावी

तोंडी परवानगीवर जाऊ नका. आजचे घरमालक भला माणूस असतील, पण उद्या वारस म्हणून पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मुलाला त्या बोलण्याची माहिती नसते. एका परिच्छेदाचा लेख पुरतो, साधारण असा:

"सदर मिळकतीतील रस्त्याकडील एक खोली भाडेकरू यांनी श्री. ... यांना दि. ... ते दि. ... या मुदतीत केवळ राहण्यासाठी देण्यास घरमालक संमती देत आहेत. मुदत संपताच भाडेकरू यांनी सदर खोली रिकामी करून घ्यावयाची आहे. श्री. ... यांना घरमालकांविरुद्ध कोणताही हक्क प्राप्त होणार नाही."

खोली कोणती, माणूस कोण, मुदत किती, या तीन जागा कधीही मोकळ्या सोडू नका.

घरमालकांनीही ध्यानात घ्यावे की कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, तो अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरे धरले जाते आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खर्च मात्र फार नाही. महिना ८,००० रुपये भाडे आणि ३०,००० डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सचे मुद्रांक शुल्क ०.२५ टक्क्याने दोन-तीनशे रुपयांत बसते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे.

आमच्याकडे येताना मूळ करार, शेवटची भाडेपावती आणि लाइट बिल आणावे. करार सापडत नसेल तर जुन्या पावत्या जेवढ्या असतील तेवढ्या आणा. नोटीस आली असेल तर पाकीटही फेकू नका, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून मुदत मोजावी लागते.