थर्मोस्टॅट, गृहोपयोगी : तापनोंदीतील दोष व निवारण

खोलीतील हवेचे तापमान ठरावीक मर्यादेत राखणाऱ्या साधनाला थर्मोस्टॅट किंवा तापनियंत्रक म्हणतात. ‘स्मार्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या घरगुती प्रकारात संवेदक (बोलीत ‘सेन्सर’), सूक्ष्मप्रक्रियक आणि वाय-फाय यंत्रणा एकाच डबीत असतात व मोजलेला आकडा मोबाइलवर दिसतो. हा आकडा आणि खोलीचे प्रत्यक्ष तापमान यांतील तफावत एवढाच प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. थंड प्रदेशांत थर्मोस्टॅट बॉयलर वा भट्टी चालवतो. मुंबईत घर तापवण्याची वेळ येत नाही (सांताक्रूझ वेधशाळेतील नीचांक ७.४° से., जानेवारी १९६२). त्यामुळे येथे त्याचा संबंध एसीशी येतो. उत्तर अमेरिकेत रूढ असलेली, २४ व्होल्टच्या तारांवर चालणारी भिंतीवरची साधने येथील स्प्लिट एसीला थेट जोडता येत नाहीत. त्यांचे काम मुंबईच्या घरांत एसीच्या पोटातला सेन्सर करतो, नाहीतर रिमोटचे अवरक्त संकेत पाठवणारी छोटी स्मार्ट डबी.

उगम : थर्मोस्टॅटचा जनक कोण, याविषयी एकमत नाही. हॉलंडमध्ये जन्मलेल्या व इंग्लंडमध्ये काम केलेल्या कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) याने अंडी उबवण्याच्या पेटीसाठी पारा व अल्कोहॉल यांच्या प्रसरणावर चालणारी झडप केली होती, असे बहुतेक इतिहासकार मानतात. तिचा काळ साधारणतः १६२० नंतरचा धरला जातो; नेमके वर्ष सांगणे धाडसाचे ठरेल. अठराव्या शतकाच्या मध्यास जॉन हॅरिसन याने सागरी कालमापकात द्विधातू पट्टी वापरली. मात्र तिचे काम तापमानामुळे घड्याळात पडणारा फरक भरून काढण्याचे होते, तापमान राखण्याचे नव्हे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये बोनमँ याने उबवणी पेट्यांसाठी धातूच्या प्रसरणावर चालणारा नियामक वापरला. ‘थर्मोस्टॅट’ हा शब्द रूढ केला तो स्कॉटिश रसायनज्ञ अँड्रू यूर याने. द्विधातू पट्टीवरील त्याचे एकस्व (पेटंट) १८३० चे आहे. अमेरिकी लेखक बहुधा वॉरन जॉन्सन (एकस्व १८८३) किंवा मिनिॲपोलिसचा आल्बर्ट बुट्झ (एकस्व १८८६) यांच्यापासून सुरुवात करतात.

हा वाद वरवर नामावळीचा वाटला तरी या नोंदीच्या विषयाशी त्याचा संबंध आहे. ड्रेबेल, बोनमँ व यूर यांच्या साधनांत जाणणे आणि कृती करणे या दोन्ही गोष्टी एकाच भागात घडत : पारा वा धातू प्रसरण पावला की झडप हलली. आकडा कोणालाच दिसत नसे, त्यामुळे आकडा चुकल्याची तक्रारही नसे. जॉन्सनचे मूळ साधन वेगळे होते. विस्कॉन्सिनमधील शिक्षक-प्रशिक्षण शाळेत तो शिकवीत असे. तेथे वर्गाचे तापमान पाहण्यासाठी सेवकाला सारखे वर यावे लागे. जॉन्सनने वर्गातून तळघरातील सेवकाला विजेचा संकेत मिळेल अशी सोय केली आणि तिला ‘दूर-तापदर्शक’ अशा अर्थाचे नाव दिले. जाणणारा एकीकडे, कृती करणारा दुसरीकडे आणि मध्ये केवळ संकेत, ही मांडणी आजच्या स्मार्ट डबीची आहे. म्हणून सर्वसाधारण थर्मोस्टॅटचे श्रेय ड्रेबेलकडे गेले, तरी येथे विचारात घेतलेल्या प्रकाराचा पूर्वज जॉन्सनचे साधन मानणे अधिक सयुक्तिक दिसते. संकेत वेगळा झाल्यावरच तो खोटा असण्याची शक्यता निर्माण झाली.

कार्यतत्त्व : घरगुती साधनांत बहुधा ऋण तापगुणांकाचा थर्मिस्टर असतो, तापमान वाढले की त्याचा विद्युत् रोध घटतो. पदार्थाचा हा गुण मायकेल फॅराडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडात नोंदवला होता. रोधावरून तापमान काढण्यासाठी स्टाइनहार्ट-हार्ट समीकरण (१९६८) किंवा ‘बीटा’ या एकाच स्थिरांकावर आधारलेले सोपे सूत्र वापरतात. स्वस्त साधनांत दुसरे आढळते. १० किलोओहमचा (बाजारात ‘टेन के’) थर्मिस्टर म्हणजे २५° से.ला १० किलोओहम रोध असलेला. बीटा ३,९५० असल्यास या तापमानाला अंशामागे सु. ४४४ ओहम फरक पडतो. पुढील बहुतेक दोषांचा हिशेब या एका आकड्यावरून करता येतो.

थर्मिस्टर स्वतःचेच तापमान सांगतो. ते खोलीच्या हवेइतके आहे, हे गृहीत आपण धरलेले असते. तक्रारीचे मूळ सहसा या गृहीतात असते, सेन्सरमध्ये क्वचित.

जागेचे दोष : हवामान वेधशाळा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवतात. ही पेटी दीपगृहांचे अभियंते टॉमस स्टीव्हन्सन यांनी १८६४ च्या सुमारास सुचवली. ऊन लागू नये व वारा मात्र खेळता राहावा, एवढाच तिचा हेतू. मुंबईच्या सदनिकेत सेन्सरच्या वाट्याला बरोबर उलटे येते. वायरिंग तिथे तयार असते म्हणून डबी स्विचबोर्डाशेजारी लावली जाते, आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर तिला शेजारून शेकत राहतो. पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर सूर्य मावळल्यावरही तापलेली वीट तासन्‌तास उष्णता देत असते. गच्चीखालच्या मजल्यावर स्लॅबचेही तेच. भिंतीत पुरलेल्या पाइपातून फॉल्स सीलिंगमधली गरम हवा थेट डबीच्या पाठीत उतरते. पाइपाचे तोंड पुटीने वा कापसाने बुजवले तरी फरक पडतो.

माहीममधील एका घरात लेखकाने पाहिलेला प्रकार असा : मोबाइलवरच्या आलेखात रोज दिवेलागणीला तापमान तीन अंशांनी चढे आणि साडेआठच्या सुमारास उतरे. एसी त्या वेळी जिवाच्या आकांताने चाले आणि माणसे शाल घेऊन बसत. डबी एकदा बदलूनही झाली होती. ती देव्हाऱ्याच्या वर, समईपासून हातभर अंतरावर होती. तेल संपून वात विझली की आलेख खाली येई.

एसीच्या आतील सेन्सर छतालगत, परतीच्या हवेच्या मार्गात, जाळीमागे बसवलेला असतो. वरची हवा खालच्यापेक्षा उष्ण असल्याने तो एरवी जास्त तापमान दाखवतो. छताचा पंखा चालू असेल तर ही तफावत कमी होते. याउलट एसीसमोर कपाटाचा माळा किंवा जाड पडदा आला, तर थंड हवा त्यावर आपटून लगेच परत खेचली जाते. खोली थंड झाली असा सेन्सरचा समज होतो व कॉम्प्रेसर लवकर बंद पडतो. सर्व्हिसिंगनंतरही असाच एक घोटाळा होतो. जेट पंपाने कॉइल धुताना कारागीर सेन्सरची काळी वायर क्लिपमधून काढून बाजूला करतो. परत बसवताना सेन्सरच्या टोकाचा मणी क्लिपऐवजी थेट कॉइलच्या पत्र्यांना टेकला, की खोली २९ अंशांवर असताना सेन्सरला १५ दिसतात. ‘गॅस कमी आहे’ असे निदान अशा वेळी सर्रास होते.

साधनाचे दोष : वाय-फाय चिप व वीजपुरवठ्याचा भाग बंद डबीत उष्णता सोडतात आणि त्याच मंडलपट्टावर (सर्किट बोर्डावर) बसवलेला सेन्सर एक ते तीन अंश जास्त दाखवू शकतो. थर्मिस्टरमधील प्रवाहानेही तो किंचित तापतो, ३.३ व्होल्ट व १० किलोओहमच्या जोडरोधासह हा परिणाम सु. ०.१° से. एवढाच असल्याने तो सोडून देता येतो. दुरुस्तीत चुकीचा सुटा भाग बसला तर मात्र चूक मोठी होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या बाजारात ५, १०, १५ के असे सेन्सर दिसायला अगदी सारखे मिळतात. १० केच्या जागी ५ केचा बसवल्यास २५ अंशांच्या खोलीत एसीला सु. ४१ अंश वाटतात आणि १५ केचा बसवल्यास सु. १६. केवळ बीटा वेगळा असेल (३,९५० ऐवजी ३,४३५), तर २५ अंशांना आकडा बिनचूक येतो, ३० अंशांना २९.३ व २० अंशांना २०.६ दिसतो. ही चूक फसवी आहे, कारण तपासणी नेमकी २५च्या आसपास केली जाते.

आर्द्रता व क्षार : पावसाळ्यात जोडणीवर ओल धरली की थर्मिस्टरला समांतर गळती सुरू होते. २०० किलोओहमची गळती १० किलोओहमला समांतर आली तर रोध ९.५२ किलोओहम भरतो व आकडा सु. १.१ अंशाने वाढतो. एसी थांबत नाही. वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा किनाऱ्यालगतच्या भागांत खाऱ्या हवेने पिन गंजतात तेव्हा एकसरी (थर्मिस्टरच्या रोधात मिळवला जाणारा) रोध वाढतो आणि परिणाम उलट, म्हणजे आकडा कमी दिसून एसी लवकर बंद होतो. वायर पूर्ण तुटल्यास अतिशीत व शॉर्ट झाल्यास अतिउष्ण नोंद येते. बहुतेक एसी अशा वेळी दोषसंकेत दाखवून थांबतात. डीएस१८बी२० या अंकीय संवेदकाचा ८५° से. हा आकडा म्हणजे उष्णता नव्हे. वीज आल्यावर पहिले मापन होण्यापूर्वी त्यात भरलेले ते मूल्य असते.

निदान : प्रथम विश्वासार्ह तापमापक सेन्सरशेजारी, भिंतीला न टेकवता, अर्धा तास ठेवावा, पंखा चालू, एसी बंद. दोन्ही आकडे जुळले पण एसी लावल्यावर फारकत झाली, तर दोष हवेच्या वाटेचा. डबीच्या स्वतःच्या उष्णतेची शंका असल्यास ती तासभर बंद ठेवून सुरू करताच पहिला आकडा टिपावा. तो बरोबर असून पुढे हळूहळू चढत गेला, तर संशय खरा. १० केचा सुटा थर्मिस्टर बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून, पातळ पिशवीत गुंडाळून बुडवल्यास ०° से.ला सु. ३३ किलोओहम रोध दाखवतो. मल्टिमीटरने मोजताना मणी बोटांत धरू नये. बोटाची ऊब लगेच चढते.

मोबाइलवरील हवामानाचा आकडा तुलनेला घेणे चूक. तो बाहेरच्या सावलीतल्या हवेचा असतो आणि कुलाबा व सांताक्रूझ या दोन वेधशाळांच्या कमाल तापमानांतही कित्येकदा दोन-तीन अंशांचा फरक असतो. ‘पंखा लावला तरी आकडा हलत नाही’ ही तक्रारही गैरसमजातून येते : पंखा हवा थंड करीत नाही, घाम वाळवतो, आणि सेन्सरला घाम येत नाही. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या तरतुदीनुसार १ जानेवारी २०२० पासून खोलीचे एसी २४° से. या मूळ मांडणीवर (‘डिफॉल्ट सेटिंग’वर) येतात, त्यामुळे २४ हा आकडा घरोघरी प्रमाण झाला आहे. जुलैच्या दमट हवेत २४ अंश खरे असूनही खोली कोंदट वाटू शकते.

निवारण : जागा बदलणे हा पहिला उपाय. डबी आतील भिंतीवर, सु. दीड मीटर उंचीवर, स्विचबोर्ड, टीव्ही, फ्रिज व देव्हारा यांपासून दूर लावावी. गंजलेली जोडणी कापून नव्याने डाख द्यावी व वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. ॲपमधील ‘ऑफसेट’ सर्व तापमानांना सारखीच असलेली चूकच दुरुस्त करतो. समईची, उन्हाची किंवा चुकीच्या बीटाची चूक त्याने एका वेळी झाकते आणि दुसऱ्या वेळी नव्याने उभी राहते किंवा वाढते.

बॅटरीवर चालणारे सुटे संवेदक वीज वाचवण्यासाठी ठरावीक बदल झाल्यावरच आकडा पाठवतात. राउटर बंद पडल्यास ॲपवर शेवटचा आकडा तसाच राहतो, म्हणून आकड्याखालची वेळ आधी पाहावी.