नाताळात लंडन: आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

नाताळच्या सुटीत लंडनला जाऊ इच्छिणारे प्रवासी आमच्याकडे सर्वप्रथम रोषणाईची चौकशी करतात. आम्ही मात्र 25 डिसेंबर या एका दिवसाची आखणी आधी करून घेतो. त्या दिवशी लंडनची भुयारी रेल्वे, लाल बस आणि उपनगरी गाड्या संपूर्ण बंद असतात. 24 तारखेला संध्याकाळनंतर गाड्या लवकर आटोपतात, तर 26 ला भुयारी रेल्वे उशिरा सुरू होते आणि लांब पल्ल्याच्या बऱ्याच मार्गांवर गाडीच नसते. म्हणून 25 तारखेला हीथ्रोला उतरणारे विमान, तिकीट कितीही स्वस्त दिसले तरी, शक्यतो घेऊ नये. टॅक्सीचे भाडे त्या दिवशी चढे असते आणि ती आधी ठरवून ठेवली नसेल, तर सामान आणि मुलाबाळांसह विमानतळावरच खोळंबा होतो.

याच कारणाने निवास शहराच्या मध्यभागी असावा, असा आमचा आग्रह आहे. दूरच्या उपनगरातील हॉटेलात पैसे वाचतात, पण नाताळचा पूर्ण दिवस तेथेच अडकून पडावे लागते. ब्लूम्सबरी किंवा युस्टनच्या परिसरात उतरल्यास ट्रफॅल्गर चौक चालत गाठता येतो. तेथील उंच सूचिपर्णी वृक्ष ही नॉर्वेतील ऑस्लो शहराची भेट असून, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून 1947 पासून तो दरवर्षी पाठवला जातो. त्यावरील पांढऱ्या दिव्यांच्या माळा नॉर्वेच्या पद्धतीप्रमाणे वरून खाली सरळ सोडलेल्या असतात. पुढे सेंट जेम्स पार्कमधून बकिंगहॅम राजवाड्यापर्यंत जाता येते. राजघराणे मात्र परंपरेने नाताळ नॉरफकमधील सॅंड्रिंगहॅम येथे साजरा करते.

दुसरी पायवाट आम्हांला अधिक प्रिय आहे आणि मराठी प्रवाशांनी ती चुकवू नये असे मनापासून वाटते. रीजंट्स पार्क ओलांडून प्रिमरोझ हिलच्या टेकडीवर चढावे, तेथून सारे शहर पाहावे आणि पलीकडे किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घरासमोर थांबावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये विद्यार्थी म्हणून येथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने ही वास्तू 2015 मध्ये विकत घेतली. आतील स्मारक पाहायचे असेल तर दुसरा दिवस निवडावा. नाताळच्या दिवशी भिंतीवरील निळी गोल पाटी रस्त्यावरून पाहता येते. सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आधीच मावळतो, त्यामुळे न्याहारी उरकून लगेच बाहेर पडावे.

जेवणाची तजवीज 24 तारखेलाच करावी. इंग्लंडमध्ये 280 चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना नाताळच्या दिवशी उघडण्यास कायद्याने मनाई आहे. कोपऱ्यावरची काही छोटी दुकाने उघडी असतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. उपाहारगृहांत त्या दिवशी बहुधा ठरावीक पदार्थांचे महागडे भोजन असते आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. शाकाहारी मंडळींसाठी एक महत्त्वाची सूचना आहे. मिन्स पाय नावाच्या छोट्या गोड पारीत मनुका, बेदाणे, सफरचंद आणि मसाले भरलेले असतात. ते सारण पाहून आपल्याकडच्या करंजीची आठवण होते, परंतु त्यात परंपरेने गाईगुरांची चरबी मिसळली जाते. ख्रिसमस पुडिंगचेही तसेच आहे. शाकाहारी असल्याचा स्पष्ट उल्लेख वेष्टनावर असेल तरच ते घ्यावे, आणि ब्रँडी वर्ज्य असल्यास घटकांची यादीही वाचावी.

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि टॉवर ऑफ लंडन 24 ते 26 डिसेंबर बंद असतात, म्हणून ही ठिकाणे आम्ही त्याआधी किंवा 27 नंतर ठेवतो. सेंट पॉल्स आणि वेस्टमिन्स्टर ॲबी येथील नाताळच्या उपासनांना अन्य धर्मीयांनाही येता येते. काही उपासनांसाठी आगाऊ नोंदणी लागते. प्रार्थना सुरू असताना छायाचित्रे काढू नयेत. गायकवृंदाचे गायन तासभर शांतपणे ऐकावे; आमच्या मते नाताळातील लंडनचा याहून सुंदर अनुभव नाही. 31 डिसेंबरची थेम्सकाठची आतषबाजी जवळून पाहण्यासाठी मात्र तिकीट आधीच घ्यावे लागते.

बर्फ पडेल या अपेक्षेने जाऊ नये. त्या दिवसांत पाऊस आणि बोचरा वारा अधिक असतो, तेव्हा जाड स्वेटरइतकीच पाणी न शिरणाऱ्या बुटांची गरज असते.

व्हिसाबाबत एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी: शेंगेन व्हिसावर, म्हणजे फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांना मिळून चालणाऱ्या सामायिक व्हिसावर, ब्रिटनमध्ये प्रवेश मिळत नाही. पॅरिस आणि लंडन एकाच सहलीत करायचे असल्यास दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतात आणि दोन्हींसाठी पारपत्र हाताशी लागत असल्याने त्यांचा क्रम आधी ठरवावा लागतो. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघणाऱ्यांनी सप्टेंबरअखेरपर्यंत पारपत्राची प्रत, बँकेचे खातेउतारे आणि नोकरीचे किंवा व्यवसायाचे दाखले आमच्या कार्यालयात आणून द्यावेत.