ग्वो शीचा डोंगर आणि नी झानचं पाणी

चिनी शाईचित्रं म्हटली की धुकं, कडे, एखादी झोपडी आणि भरपूर शांतता, एवढंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं. ही सगळी कुणा वैराग्यानेच काढली असावीत, असंही वाटून जातं. तैपेईच्या राजवाडा संग्रहालयातली दोन चित्रं शेजारी ठेवली की हा समज टिकत नाही.

पहिलं ग्वो शीचं ‘वसंताची चाहूल’, 1072 सालचं. ग्वो शी वैरागी नव्हता, सोंग घराण्यातल्या सम्राट शेन्झोंगच्या दरबारातला चित्रकार होता. रेशमावरचं हे चित्र दीड मीटरहून थोडं अधिक उंच आहे. शाईचे पातळ हात एकावर एक देत गेल्यामुळे खडक ढगांसारखे फुगलेले दिसतात, फांद्या खेकड्याच्या नांग्यांसारख्या वाकलेल्या. आणि माणसं किती! खाली काठाला होड्या, वर चढणारे वाटसरू, उजवीकडे कड्याच्या कुशीत इमारतींचा पुंजका. ग्वो शीने याचं कारणही सांगून ठेवलंय, त्याच्या मुलाने ते लिहून काढलं: राजाची चाकरी आणि आईवडिलांची सेवा सोडून सज्जनाला डोंगरात जाता येत नाही, म्हणून बसल्या जागी दऱ्याखोऱ्यांतून फिरवून आणणारं चित्र हवं. थोडक्यात, ज्यांना रजा मिळणार नाही त्यांच्यासाठीचा हा डोंगर.

नी झान (1301–1374) मात्र खरोखरच घर सोडून गेला. वूशी शहरातल्या गडगंज घराण्यातला, ग्रंथ आणि जुन्या वस्तूंचा संग्राहक. स्वच्छतेचं वेड इतकं की अंगणातली झाडंही धुऊन घ्यायचा म्हणतात. मंगोल राजवटीच्या अखेरीस करांचा बोजा वाढला, बंडाळी माजली, तेव्हा 1350च्या दशकात मालमत्तेवर पाणी सोडून तो ताई सरोवराच्या परिसरात होडीतून फिरू लागला. हौसेचा एकांत नव्हता तो.

1372चं त्याचं ‘रोंगशी अभ्यासिका’ कागदावर आहे, उंची पाऊण मीटरच्या आसपास. अलीकडे चार-पाच झाडं आणि रिकामं छप्पर, पलीकडे बुटक्या टेकड्या. मधलं पाणी म्हणजे चक्क कोरा कागद. कुंचला जवळजवळ कोरडा, शाई अगदी हात राखून वापरलेली. माणूस एकही नाही, आत शिरायला पायवाटही नाही. मला हे चित्र निवांत वाटत नाही, अलिप्त वाटतं. गंमत म्हणजे ते त्या अभ्यासिकेसाठी काढलेलंच नव्हतं. 1374 साली एका मित्राने ते नी झानकडे परत आणून, रोंगशी नावाची खोली असलेल्या एका वैद्याला भेट देण्यासाठी त्यावर नवा मजकूर लिहून घेतला.

पुढे, मंगोलांनंतर आलेल्या मिंग घराण्याच्या काळात, यांगत्से नदीच्या दक्षिणेकडच्या श्रीमंतांमध्ये नी झानचं चित्र घरात आहे की नाही, यावरून घराण्याची रसिकता जोखली जाऊ लागली.