वाळू आपली, चुंबक परका

जुनी हार्ड डिस्क खोलली की आत चंदेरी, कमानदार तुकडे सापडतात. दोन तुकडे जवळ नेताना मध्ये बोट आलं, तर चांगलंच चिमटतं. हे निओडिमियम (एक दुर्मिळ मृदा मूलद्रव्य), लोखंड आणि बोरॉनचं चुंबक. इलेक्ट्रिक स्कूटर, पवनचक्की, क्षेपणास्त्र, सगळीकडे त्याचीच भावंडं.

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि ती वापरून केलेल्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. जुलैपर्यंत पुण्याच्या बजाजला चेतक या इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं.

‘दुर्मिळ’ हे नाव तसं फसवंच. यातलं सेरियम भूकवचात जवळपास तांब्याइतकं आहे. केरळातलं चवरा, तमिळनाडूतलं मनवलकुरिची, ओडिशातलं छत्रपूर इथल्या किनाऱ्यांवरच्या वाळूत ही मूलद्रव्यं असलेलं खनिज, मोनाझाइट, मिळतं. देशभरातला साठा सुमारे १ कोटी ३० लाख टन. (रत्नागिरीची काळी वाळू मुख्यतः इल्मेनाइट या टायटॅनियमच्या खनिजाची, तेव्हा कोकणाने हुरळून जाऊ नये.) मोनाझाइटमध्ये किरणोत्सारी थोरियम असल्यामुळे हा कारभार अणुऊर्जा खात्याकडे. केरळात आलुव्याचा दुर्मिळ मृदांचा कारखाना १९५२ पासून चालू आहे.

मग अडतं कुठे? ही मूलद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करण्यात. निओडिमियम आणि प्रासिओडिमियम रसायनाच्या दृष्टीने जुळी भावंडं. आम्लात विरघळवलेलं मिश्रण केरोसीनसारख्या तेलाबरोबर टाकीत घुसळायचं आणि निवळू द्यायचं. तेल वर तरंगतं, पाणी खाली राहतं. दोघांपैकी एक तेलात किंचित जास्त उतरतं. बस, एवढाच फरक! म्हणून तेल पुढच्या टाकीत, पुन्हा घुसळण, पुन्हा निवळणं, अशा शेकडो टाक्या. पुढे धातू, मिश्रधातू आणि काही मायक्रॉनची भुकटी. ही भुकटी हवेत पेट घेते, म्हणून ती निष्क्रिय वायूत सांभाळत, चुंबकीय क्षेत्रात दाबून भट्टीत भाजायची. हे कसब पुस्तकातून येत नाही, आणि जगातली ९० टक्क्यांच्या आसपास चुंबकं आज चीनमध्ये बनतात.

जपानला हा चटका २०१० मध्येच बसला. त्याने ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसा घातला आणि चीनवरचा भार हळूहळू उतरवला. आपण नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाला ६,००० टन चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. उशिराच म्हणायची.

त्यातही एक मेख आहे. मोटर तापल्यावर चुंबकत्व ढळू नये म्हणून लागणारं डिस्प्रोशियम आपल्या मोनाझाइटमध्ये नावापुरतंच असतं. ते येतं मुख्यतः दक्षिण चीन आणि म्यानमारच्या चिकणमातीतून.