ड्रायर व्हेंट बसवणाऱ्याचं सर्टिफिकेट आणि त्याचं लायसन्स

अमेरिकेत घर असलेल्या आपल्या लोकांत एक शिफारस हमखास ऐकू येते: ‘माणूस सर्टिफाइड आहे, बिनधास्त बोलवा.’ एवढ्या भरवशावर लोक भिंत फोडून ड्रायरचा नवा व्हेंट, म्हणजे कपडे वाळवणाऱ्या यंत्राची गरम ओलसर हवा घराबाहेर सोडणारा पाइप, टाकून घेतात. हे थांबायला हवं. सर्टिफिकेट आणि लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवर दुसरीचं काम भागत नाही.

लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटणारा तंतूंचा कचरा, पेट घेतं हे ड्रायर वापरणाऱ्याला सांगायला नको. तिथल्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० या काळातल्या अंदाजानुसार घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या. सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं.

‘सर्टिफाइड’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा सी-डेट अभिप्रेत असतं, म्हणजे सर्टिफाइड ड्रायर एक्झॉस्ट टेक्निशियन. चिमनी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका ही खासगी संस्था ते देते. माणूस अभ्यास करतो, परीक्षा देतो आणि ठरावीक मुदतीनंतर नूतनीकरण करतो. मला या परीक्षेबद्दल आदर आहे. हवा कुठे अडते, पाइपाला कुठे पोचा आलाय, लिंट कुठे साचतं, हे ती परीक्षा दिलेल्या माणसाला नेमकं कळतं. (घरभरच्या एसीचे डक्ट साफ करणाऱ्यांची प्रमाणपत्रं निराळी, ती इथे मोजू नका.)

लायसन्स देतं सरकार, बहुतेक ठिकाणी राज्याचं. कॅलिफोर्नियात हीटिंग-व्हेंटिलेशनच्या कामांसाठी सी-२० वर्गाचं लायसन्स असतं आणि त्याचा नंबर कॉन्ट्रॅक्टर बोर्डाच्या साइटवर कुणालाही तपासता येतो. १ जानेवारी २०२५ पासून तिथे मजुरी-सामान धरून १,००० डॉलरच्या आतलं कामच बिनलायसन्स करता येतं, तेही परमिट लागत नसेल आणि हाताखाली माणूस ठेवला नसेल तर. आधी ही मर्यादा ५०० होती. बाकी राज्यांचे नियम आपापले.

घोळ होतो तो यापुढे. सर्टिफिकेट त्या माणसाला काय ठाऊक आहे ते सांगतं. तुमच्या भिंतीत जाणारा पाइप गावाच्या नियमात बसतो की नाही, यावर ते काहीच बोलत नाही. लायसन्ससुद्धा ते सांगत नाही. त्याने फक्त काम घेण्याचा अधिकार मिळतो. पाइप नियमात बसतो की नाही हे ठरतं परमिट काढून झालेल्या तपासणीत. ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे पत्रे) लागण्याआधी इन्स्पेक्टर येऊन पाइप पाहतो.

आणि नियम गावोगाव किती वेगळा असतो ते लांबीवरूनच बघा. आयआरसी हा निवासी घरांचा कोड, म्हणजे बांधकामाची नियमावली, जिथे लागू आहे, तिथे व्हेंट ३५ फुटांपर्यंत नेता येतो आणि साध्या ९० अंशांच्या प्रत्येक वळणामागे त्यातले ५ फूट वजा होतात. कॅलिफोर्नियाच्या मेकॅनिकल कोडमध्ये हीच मर्यादा १४ फूट आहे. त्यात ९० अंशांची दोन वळणं धरलेली असतात आणि पुढच्या प्रत्येक वळणाला २ फूट कमी होतात. ड्रायर कंपनीच्या सूचनापत्रात वेगळी लांबी दिली असेल तर तीही बघावी लागते. तेव्हा ३० फूट सरळ पाइप एका राज्यात पास होईल, दुसऱ्यात उखडावा लागेल. देशभर एकच असलेलं सर्टिफिकेट हा फरक तुमच्यासाठी कसा मिटवणार?

उलट बाजूही खरी आहे. एसी आणि फर्नेसच्या (घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या) कामात मुरलेला लायसन्सवाला ड्रायरच्या पाइपाकडे किरकोळ काम म्हणून बघू शकतो. मग जोड स्क्रूने आवळले जातात, टोकं पाइपात घुसतात आणि लिंट त्यांनाच अडकतं. बाहेरच्या तोंडाला पक्षी येऊ नयेत म्हणून जाळी ठोकतात. ती तर मला बघवत नाही. कोड जाळीला मनाई करतो, कारण लिंट साचून ती काही महिन्यांत बुजते. तिथे आपोआप मिटणारी झडप हवी. आणि घडीचा चमकता फॉइल पाइप भिंतीत कधीच घालू नका. ड्रायरमागचा जोड देणारा तुकडा अखंड, ८ फुटांच्या आत आणि डोळ्यांसमोर असावा. भिंतीतला पाइप गुळगुळीत धातूचा, ४ इंच व्यासाचा.

म्हणून माझं मत ठाम आहे. जुना व्हेंट साफ करायचाय, कपडे दोनदा फिरवूनही ओलेच राहतात, तर सी-डेटवाला बोलवा. पाइप नवा टाकायचा किंवा जागा बदलायची असेल तर लायसन्सवाला, आणि तुमच्या गावात परमिट लागत असेल तर ते काढूनच. दोन्ही एकाच माणसाकडे असेल तर थोडे पैसे जास्त पडले तरी तोच निवडा. गॅसचा ड्रायर असेल तर यात हयगय नको: व्हेंट तुंबला की कार्बन मोनॉक्साइड घरात राहतो. गॅसच्या नळीचं काम तर त्याचं लायसन्स असणाऱ्यालाच द्या.

फोनवरच लायसन्सचा नंबर मागा आणि तो स्वतः तपासा. ‘परमिट तुम्ही तुमच्या नावावर काढा, स्वस्त पडेल’ असं म्हणणाऱ्याला तिथेच नकार द्या, कारण मग त्या कामाची जबाबदारी घरमालक म्हणून तुमच्या गळ्यात पडते.