रक्ताचे कुभांड

ज्यू लोक ख्रिस्ती मुलांना पळवून ठार मारतात व त्यांचे रक्त धार्मिक विधीसाठी, विशेषतः वल्हांडण सणाच्या बेखमीर (न आंबवलेल्या) भाकरीत वापरतात, असा मध्ययुगीन युरोपात उठलेला खोटा आरोप. ज्यूद्वेषाच्या इतिहासात याच्याइतकी चिवट कंडी क्वचितच दुसरी असेल.

मुळात ज्यू धर्मशास्त्राला रक्तसेवन पूर्ण निषिद्ध आहे. मांस पाण्यात भिजवून, मीठ लावून, रक्त निथळू दिल्यावरच शिजवायचे. अंड्यात रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडे टाकून द्यायचे. कोकणात शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ नाव पडलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजानेही खाण्यापिण्याचे असे निर्बंध पिढ्यान्‌पिढ्या जपले. बेखमीर भाकरीत तर पीठ आणि पाणी एवढेच. आरोप करणाऱ्यांना हे माहीत नव्हते असे नाही. त्यांना त्याची गरज वाटली नाही, इतकेच.

इंग्लंडमधील नॉरिच येथे ११४४ मध्ये विल्यम नावाचा मुलगा गावाबाहेरच्या रानात मृत सापडला. खुनी कोण, हे कधीच कळले नाही. पुढे मॉनमथचा थॉमस या मठवासी भिक्षूने त्याचे चरित्र लिहिले, खुनाचे खापर स्थानिक ज्यूंवर फोडले आणि मुलाला हुतात्मा ठरवले. हुतात्म्याची समाधी झाली की यात्रेकरू येतात आणि यात्रेकरूंबरोबर दानही. कथा इतर गावांनी उचलली याचे एक कारण हेही असावे. लिंकन येथे १२५५ मध्ये ह्यू या मुलाच्या मृत्यूवरून राजा तिसऱ्या हेन्रीच्या आज्ञेने १९ ज्यूंना फाशी झाली. १२९० मध्ये सगळ्याच ज्यूंना इंग्लंडबाहेर घालवण्यात आले.

नॉरिचच्या कथेत रक्ताचा उपयोग नव्हता. तो जर्मनीतील फुल्डा येथे १२३५ मध्ये आला. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्या जाणकारांकडून शहानिशा करवली आणि १२३६ मध्ये आरोप निराधार ठरवला. पोप चौथा इनोसंट यानेही १२४७ मध्ये त्याचा निषेध केला. उपयोग झाला नाही. इटलीतील ट्रेंट येथे १४७५ मध्ये सायमन हे दोन-अडीच वर्षांचे मूल मेले तेव्हा ज्यूंचे हालहाल करून कबुल्या घेतल्या गेल्या. हव्या त्या कबुल्या मिळाल्या, पुरुषांना मृत्युदंड झाला, आणि सायमनची भक्ती पुढे जवळजवळ पाच शतके चालली.

दमास्कसमध्ये १८४० साली कॅपुचिन पंथाचा एक ख्रिस्ती पाद्री बेपत्ता झाल्यावर हाच आरोप झाला. ऑटोमन सुलतान अब्दुलमजीद याने फर्मान काढून तो खोडला. कीव्हमध्ये १९११ साली वीटभट्टीच्या कारखान्यातील कर्मचारी मेंडेल बेलिस याला एका मुलाच्या खुनात गोवण्यात आले. तो दोन वर्षे तुरुंगात होता. १९१३ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले खरे, पण खून विधीसाठी झाल्याचा संशय मात्र पुरता खोडला नाही.

नाझींच्या ‘डेर श्ट्युर्मर’ या साप्ताहिकाने मे १९३४ मध्ये याच विषयावर विशेषांक काढला. त्याहून अंगावर काटा आणणारी घटना मात्र महायुद्ध संपल्यानंतरची आहे. पोलंडमधील किएल्त्से येथे छळछावण्यांतून वाचलेले ज्यू एका इमारतीत राहत होते. घरातून नाहीसा झालेला आठ वर्षांचा एक मुलगा परतला आणि आपल्याला तिथल्या तळघरात कोंडले होते, असे सांगू लागला. त्या इमारतीला तळघर नव्हतेच. ४ जुलै १९४६ रोजी जमावाने, सैनिक व पोलिसांच्या सहभागाने, ४२ ज्यूंना ठार केले.

लिंकन कॅथीड्रलने १९५५ मध्ये ह्यूची कथा खोटी असल्याचा फलक लावला; कॅथलिक चर्चने सायमनची भक्ती १९६५ मध्ये रद्द केली. तरीही १९८३ मध्ये सीरियाचे संरक्षणमंत्री मुस्तफा त्लास यांनी दमास्कसचा आरोप खरा म्हणून पुस्तकात मांडला. अमेरिकेत क्यूअनॉन या कटकथा पसरवणाऱ्या चळवळीच्या अनुयायांत फिरणाऱ्या, सत्ताधारी टोळी मुलांच्या रक्तातून रसायन काढते या अफवेचा साचाही हाच, फक्त ज्यू हा शब्द प्रत्येक वेळी उच्चारला जात नाही. कॅलिफोर्नियातील पोवे येथे २७ एप्रिल २०१९ रोजी ज्यू प्रार्थनास्थळात गोळीबार करून एका महिलेचा जीव घेणाऱ्या तरुणाने इंटरनेटवर टाकलेल्या निवेदनात ट्रेंटच्या सायमनचे नाव होते.