सेरोटोनिनची नक्कल करणारं, पण सेरोटोनिनच घटवणारं रसायन

वेंगुर्ला-मालवणच्या खडपांवर ओहोटीला शिनाणे काढणाऱ्या बायकांना ठाऊक असतं, की शिनाणा एकदा दगडाला धरून बसला की नुसता ओढून निघत नाही. त्याच्याच कुळातल्या, अटलांटिक किनाऱ्यावरच्या एका शिंपल्यात असा स्नायू असतो, जो फारशी शक्ती न खर्चता तासन्‌तास आवळलेला राहतो. तो सैल कशाने पडतो, हे हार्वर्डमध्ये बेटी ट्वॅरोग शोधत होत्या. उत्तर निघालं सेरोटोनिन, म्हणजे चेतापेशींचे निरोप पोचवणारं एक रसायन. जे शिंपल्याच्या नसांत आहे ते आपल्या मेंदूतही असेल, या विचाराने त्या पुढे गेल्या आणि १९५३ मध्ये अर्व्हाइन पेज यांच्यासोबत सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन असल्याचं त्यांनी दाखवून दिलं.

त्यानंतर गुंता वाढला. शरीरातलं जवळपास ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. (केळी खाल्ल्याने 'आनंदाचं रसायन' मेंदूत वाढतं, असे निरोप मोबाइलवर फिरतात. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. केळी चवीसाठी खावीत.) शिवाय पेशींवर सेरोटोनिन ओळखणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, एक-दोन नव्हे, चौदा प्रकारचे निघाले. सेरोटोनिन या सगळ्यांवर काम करतं. मग त्यातला एक प्रकार नेमकं काय करतो, हे कळायचं कसं? त्यासाठी एकाच ग्राहीला चेतवणारं रसायन हवं.

असं रसायन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमधून आलं: ८-ओएच-डीपॅट. हे औषधाच्या दुकानात मिळत नाही, ते प्रयोगशाळेसाठीच आहे. ते ५-एचटी१ए या ग्राहीला घट्ट चिकटतं (५-एचटी म्हणजे सेरोटोनिनच). हा ग्राही चेतला की पेशीतले पोटॅशियमचे मार्ग उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि चेतापेशी शांत होते.

आता खरी गंमत. मेंदूच्या बुंध्याशी असलेल्या राफे केंद्रकांतल्या चेतापेशी मेंदूला सेरोटोनिन पुरवतात आणि त्यांच्या स्वतःच्या अंगावरही हेच ग्राही असतात. सेरोटोनिन पुरेसं झालं की त्यांच्यामार्फत पेशीला थांबण्याचा इशारा मिळतो. गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखी ही व्यवस्था. ८-ओएच-डीपॅट तो फुगा हाताने वर उचलून धरतं: टाकी भरलेली नसताना पाणी बंद! म्हणून कमी मात्रेत हे 'सेरोटोनिनसारखं' रसायन मेंदूतलं सेरोटोनिन सोडणं कमी करतं. पोट भरलेले उंदीरही पुन्हा खाऊ लागतात. मात्रा वाढवली की सेरोटोनिन ज्यांना पोचतं त्या पुढच्या पेशींवरचे ग्राहीही चेततात आणि मग उंदीर जमिनीला अंग चिकटवून पसरतो, पुढचे पाय तुडवल्यासारखे हलवतो. त्याच्या शरीराचं तापमानही उतरतं. म्हणून मात्रा न सांगता या रसायनाचा 'परिणाम' सांगणं म्हणजे अर्धंच सांगणं.

नैराश्यावरच्या काही गोळ्या लागू पडायला दोन-चार आठवडे का लागतात, याचं एक प्रचलित स्पष्टीकरणही याच ग्राहीपाशी जातं. सुरुवातीला या गोळ्यांनी वाढलेलं सेरोटोनिन राफेतल्या पेशींनाच थांबवतं. हे ग्राही हळूहळू बोथट झाले की मगच पुरवठा सुधारतो. हे स्पष्टीकरण मला पटतं, पण त्यात सगळी कथा आली असं कुणी म्हणू नये. चिंतेवरचं बसपिरोन हे औषधही ५-एचटी१ए लाच चेतवतं, पण अर्धवट.

आणि 'एकाच ग्राहीला चेतवणारं' हा लौकिक? १९९३ मध्ये ५-एचटी७ हा नवा ग्राही ओळखला गेला आणि ८-ओएच-डीपॅट त्यालाही चेतवतं असं आढळलं. मेंदूतल्या दिवस-रात्रीच्या घड्याळावर होणारा जो परिणाम आधी १ए च्या खात्यावर मांडला होता, तो सातव्याचा असावा, अशी शंका लगेच आली. मग संशोधक पडताळणीला डब्ल्यूएवाय-१००६३५ वापरू लागले, कारण ते १ए ग्राही अडवतं. ते दिल्यावर परिणाम नाहीसा झाला तर तो १ए चा, असा हिशोब. पण २००६ मध्ये हे रसायनही डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्याच रसायनाच्या डी४ ग्राहीला चेतवतं, असं दिसून आलं. त्यामुळे आता एकाच रसायनावर भिस्त न ठेवता १ए आणि ५-एचटी७ हे दोन्ही ग्राही वेगवेगळ्या रसायनांनी अडवून पाहतात, आणि ज्या उंदरांत तो ग्राही जनुकातूनच काढून टाकला आहे, त्यांच्यावर तोच प्रयोग पुन्हा करतात.